बोर्डबाई आणि मुका कॉम्प्युटर

रुग्णालयातल्या जुन्या माणसांना त्यांचं खरं नाव विचारलं तर ती डोकं खाजवतात. बोर्डबाई म्हटलं की लगेच म्हणतात, "हां, त्या होय." एकोणतीस वर्षं त्या रुग्णालयाच्या टेलिफोन बोर्डावर बसल्या. बाहेरून आलेला फोन आत योग्य माणसाला जोडून द्यायचा, हे त्यांचं काम. साडेतीनशे खोल्यांचे आतले नंबर त्यांना तोंडपाठ होते, आणि कुठले डॉक्टर कुठल्या वेळी कुठल्या मजल्यावर सापडतील हेही. नोकरीला लागून पाच वर्षं होत नाहीत तोच त्यांची नजर अधू व्हायला लागली आणि तिशीच्या आत ती पूर्ण गेली. बोर्डावर मात्र त्यामुळे काही अडलं नाही. वायरी खोचायची भोकं बोटांनी मोजता येत होती, आणि कान तर आधीपासूनच तिखट.

मग फोन आपोआप जोडणारं यंत्र आलं आणि बोर्ड भिंतीवरून उतरला. आता ह्या बाईला घरी पाठवतील असंच सगळे धरून चालले होते. बोर्डबाई स्वतःच एक्स-रे विभागाच्या प्रमुखांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "तुमचे डॉक्टर अहवाल बोलून ठेवतात आणि कोणीतरी ते ऐकून टाइप करतं. ऐकायचं काम मी जन्मभर केलंय. टायपिंग शिकायला मला सहा महिने द्या." त्या पाच महिन्यांत शिकल्या. आता आठ वर्षं झाली, हे काम त्या घरून करतात. कॉम्प्युटरमध्ये एक प्रोग्रॅम आहे, तो पडद्यावरचं सगळं त्यांना वाचून दाखवतो. कानात डॉक्टरांचा आवाज, मधूनमधून त्या प्रोग्रॅमचा आवाज, आणि बोटं कीबोर्डवर.

हे सगळं त्यांच्या सुनेला लग्नानंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. ती ह्या घरात येऊन चारच महिने झाले होते. खरं सांगायचं तर तिला सासूबाईंची थोडी धास्ती होती. त्या कधी रागावल्या होत्या म्हणून नव्हे. पण झाकण उघडल्याच्या आवाजावरून कुठला डबा उघडलाय हे ओळखणाऱ्या सासूपुढे वागायचं तरी कसं? बिस्किटाच्या डब्याला हात लावायचा तर तिला अजूनही धीर होत नव्हता.

घरात कॉम्प्युटर एकच, बाहेरच्या खोलीत खिडकीशेजारच्या टेबलावर. सकाळी तो सासूबाईंचा आणि दुपारनंतर सुनेचा. सून एका ऑफिससाठी घरांचे नकाशे काढायची. जुन्या मॉनिटरवर मधोमध एक काळी उभी रेघ आली होती. एकदा त्या रेघेपायी तिने कुणाच्या तरी स्वयंपाकघरात एक भिंत जास्तीची घातली, तेव्हा तिचा नवरा म्हणाला, आता पुरे झालं. त्याने नवा मॉनिटर आणला, बाहेरगावी निघायच्या आधी घाईघाईत जोडला, चित्र उमटलेलं पाहिलं आणि बॅग उचलून निघाला. त्या वेळी सासूबाई तिथेच बसून फोनवर बोलत होत्या, म्हणून स्पीकर बंदच ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता सासूबाई खुर्चीत बसल्या. त्यांनी कॉम्प्युटरचं बटण दाबलं, स्पीकरचं गोल बटण टक्कन फिरवलं आणि हात मांडीवर ठेवून वाट बघत राहिल्या. एरवी मिनिटभरात तो प्रोग्रॅम बोलायला लागायचा. त्या दिवशी काहीच झालं नाही. त्यांनी कॉम्प्युटरच्या डब्यावर तळहात टेकवला. आतला पंखा फिरत होता. त्यांनी दोन-तीन कळा दाबून पाहिल्या.

"अगं, जरा इकडे येतेस का?" त्यांनी हाक मारली.

सून हात पुसत आली. पडद्यावर सगळं जिथल्या तिथे होतं, हिरवळीचं चित्र, खालची पट्टी, सगळं. तिने तसं सांगितलं.

"म्हणजे चालू आहे, पण मुका झालाय," सासूबाई म्हणाल्या. "माझ्यासाठी दोन्ही एकच."

त्या दिवशी नऊ अहवाल टाइप व्हायचे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ज्यांची ऑपरेशनं होती त्यांचे. दोन वाजेपर्यंत ते विभागात पोचायलाच हवे होते, कारण तीन वाजता सर्जन मंडळी ते घेऊन बसायची. सुनेने कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला फोन लावला. तो भला माणूस होता, पण गळ्यापर्यंत कामात बुडालेला. "साउंड कार्ड उडालं असणार," तो न बघताच म्हणाला. "उद्या संध्याकाळी येतो."

सुनेने फोन ठेवला. काल काय बदललं ते तिला माहीत होतं. तिच्याचसाठी बदललं होतं.

सासूबाईंनी मात्र खुर्ची थोडी मागे सरकवली आणि शांतपणे विचारलं, "काल सकाळी आवाज होता. त्यानंतर काय काय हललं?"

"मॉनिटर नवीन लावलाय," सून पुटपुटली. "पण तो तर दिसण्यासाठी असतो ना?"

"असू दे. लक्षात ठेवू. आधी आवाज जिथून बाहेर पडतो तिथून सुरुवात करू आणि मागे मागे जाऊ. बोर्डावर तक्रार आली की आम्ही तसंच करायचो. आधी फोन, मग वायर, मग बोर्ड. आणि एका वेळी एकच गोष्ट हलवायची, नाहीतर कशाने बिघडलं आणि कशाने सुधारलं काही कळत नाही. स्पीकरचा दिवा लागलाय का?"

"लागलाय. निळा."

सासूबाई उठल्या, टेबलाच्या मागे हात घातला आणि डब्याच्या पाठीवरून बोटं फिरवत स्पीकरची वायर शोधून उपसली. तिचं टोक त्यांनी स्वतःच्या मोबाइलमध्ये खोचलं. "आता ह्याच्यावर काहीतरी लाव बघू."

सुनेने बातम्या लावल्या. स्पीकरमधून बातम्या देणाऱ्याचा भारदस्त आवाज खोलीभर घुमला.

"स्पीकर ठीक, वायर ठीक," सासूबाई म्हणाल्या. "दोन जणांची निर्दोष सुटका झाली."

सुनेला हसू आलं. त्याच क्षणी मोबाइल वाजला आणि तोही स्पीकरमधूनच, असा काही दणक्यात की सून दोन पावलं मागे सरली. सासूबाईंनी वायर ओढून काढली आणि फोन कानाला लावला. विभागातला कारकून होता. अहवाल वेळेवर येतील ना, म्हणून विचारत होता. नीट ऐकू यावं म्हणून त्या फोन घेऊन गॅलरीत गेल्या.

सून एकटीच टेबलाशी राहिली. आपणही काहीतरी केलं पाहिजे असं तिला वाटलं. लोंबकळणारी वायर तिने उचलली, टेबल आणि भिंतीच्या मधल्या अंधारात हात घातला आणि जे भोक पहिलं हाताला लागलं त्यात टोक बसवलं. नीट बसलंही. मग ती हात झाडून उभी राहिली.

सासूबाई परत आल्या. "मी दोन वाजताची वेळ दिली आहे," त्या म्हणाल्या.

"आई, पण कसं काय..."

"वेळ दिली की डोकं चालतं. चल, आता तू माझे डोळे. खाली उजव्या कोपऱ्यात काय आहे?"

"एक छोटी खूण आहे, कर्ण्यासारखी. तिच्या शेजारी तीन वाकड्या रेघा, आणि..."

"तिच्यावर फुली आहे?"

"नाही."

"म्हणजे आवाज बंद केलेला नाही. दाब तिच्यावर. आता जे उघडेल त्याचं वर्णन करू नकोस. लिहिलेलं वाच. सगळं वाच, तुला बिनकामाचं वाटलं तरी."

सुनेने वाचायला सुरुवात केली. आवाज किती आहे, तर शंभर. त्याच्यावर एक नाव होतं, इंग्रजी अक्षरं आणि आकडे यांची खिचडी. तिने ते अक्षर अक्षर वाचलं आणि मध्येच थांबली. ती अक्षरं तिने कालच पाहिली होती. मॉनिटरच्या खोक्यावर.

"आई, हे मॉनिटरचं नाव आहे."

सासूबाईंनी विचारलं, "जुन्या मॉनिटरची वायर कशी होती? तिला दोन्ही बाजूंना स्क्रू होते ना? मला आठवतंय, मी हात लावला होता. आणि ह्याची?"

"ह्याची चपटी आहे. टीव्हीला असते तशी."

"टीव्हीच्या वायरीतून चित्र जातं आणि आवाजही जातो," सासूबाई सावकाश म्हणाल्या, जणू एकेक शब्द चाचपून पुढे ठेवत होत्या. "कॉम्प्युटरला वाटलं, घरात नवा बोलका पाहुणा आलाय. सगळं बोलणं त्याच्याकडे वळवलं. मॉनिटरला स्पीकर आहेत का?"

सुनेने खालून, मागून, सगळीकडून पाहिलं. "नाहीत."

"मग झालं तर. त्या नावाशेजारी बाण असेल. तो दाब, खाली दुसरं नाव असेल, ते निवड."

दुसरं नाव होतं. त्यात स्पीकर असा शब्दही होता. सुनेने ते निवडलं. दोघींनी कान टवकारले.

काही नाही.

सुनेने हातपाय गाळले. ती शेजारच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "माझ्यामुळेच झालं हे सगळं. मी जुन्यावरच काम करत राहायला हवं होतं. काढून टाकते हा, आणि जुना लावते."

"का? ह्याचं काय चुकलं?" सासूबाई म्हणाल्या. "आणि तुझं तरी काय चुकलं? डोळे आहेत तर चांगलं दिसायला नको? बस जरा. अकरा वाजलेत, अजून तीन तास आहेत. आत ध्वनीच्या सेटिंगमध्ये जा. तिथे एक चाचणीचं बटण असतं. ते दाबलं की नावासमोर काही हलतं का ते बघ."

सुनेने शोधून ते बटण दाबलं. नावासमोरची राखाडी पट्टी हिरवी होऊन वरखाली उड्या मारायला लागली. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा उड्या.

"हलतेय, आई. हिरवी होतेय."

सासूबाईंचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे तो बोलतोय. साउंड कार्डही धडधाकट आहे. तो बोलतोय आणि आपल्यापर्यंत पोचत नाहीये. मधे काय उरलं? फक्त वायर." त्यांनी मान थोडी वळवली. "मी फोनवर होते तेव्हा वायर परत कोणी लावली?"

"मी."

"कुठे?"

"मागे."

"मागे कुठे? तिथे एकाखाली एक तीन भोकं आहेत."

"मी बघितलं नाही," सून हळूच म्हणाली. "जे मिळालं त्यात घातली. तुम्ही एका वेळी एकच गोष्ट हलवायची म्हणाला होतात, आणि मी न सांगता..."

सासूबाई हसायला लागल्या. खुर्चीत मागे रेलून, अगदी मनापासून हसल्या. "अगं, बोर्डावरच्या पहिल्याच आठवड्यात मी एका हृदयविकाराच्या डॉक्टरांचा फोन धोबीखान्यात जोडून दिला होता. ते दहा मिनिटं कुणाला तरी पथ्य सांगत होते आणि पलीकडचा माणूस हो साहेब, हो साहेब म्हणत चादरी मोजत होता. मला कळलं तेव्हा मी तोंड शिवून बसले. कुणाला सांगितलं नाही. ते निस्तरायला अख्खा दिवस गेला. तू तर विचारल्याबरोबर सांगितलंस."

त्या उठल्या, टेबलावरून वाकल्या आणि डब्याच्या मागे हात नेला. सुनेने ह्या वेळी मोबाइलचा दिवा धरला. सासूबाईंना त्याचा उपयोग नव्हता, पण तिला बघायचं होतं. सासूबाईंची तर्जनी वरच्या भोकावर टेकली, मग मधल्या, मग खालच्या. वायर खालच्या भोकात होती. त्याची कड गुलाबी होती.

"ते माइकचं," सासूबाई म्हणाल्या. "तू स्पीकरला बोलायच्या जागी बसवलंस. त्याची जागा मधली."

त्यांनी टोक उपसलं आणि एक घर वर, हिरव्या कडेच्या भोकात दाबलं. स्पीकरमधून आधी एक खरखर आली आणि मग कुणीतरी पाठलाग करत असावं अशा वेगाने एक आवाज बडबडायला लागला. सुनेला त्यातला एक शब्दही धड कळेना. सासूबाईंनी तो प्रोग्रॅम इतक्या भरधाव ठेवला होता की इतरांना ती नुसती गुणगुण वाटायची. सासूबाई उभ्याउभ्याच ते ऐकत होत्या, आणि त्यांचे खांदे सैल झालेले सुनेने पाहिले. सकाळपासून ही बाई आतून किती ताठ झाली होती, ते तिला तेव्हा उमगलं. वरून तर काहीच दिसलं नव्हतं.

"साडेअकरा," सासूबाई म्हणाल्या. "चहा टाकतेस? आणि बिस्किटांचा डबा आण. तू तो उघडत नाहीस, मला माहीत आहे. सगळी नरम पडली असतील."

मग त्या कामाला लागल्या. सून चहा ठेवून जाणार होती, पण तिचा पाय निघेना. ती स्टुलावर बसून राहिली. नव्या मॉनिटरवर ओळी भराभर उमटत होत्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, चूक नाही, थांबणं नाही. ज्यांनी त्या कधी पाहिल्या नाहीत त्यांच्या बोटांतून. एक अहवाल झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. सहाव्याला सासूबाईंची बोटं एकदम थांबली. त्यांनी रेकॉर्डिंग मागे नेलं आणि परत ऐकलं. मग आणखी एकदा.

"काय झालं?" सुनेने विचारलं.

"डॉक्टर नवीन आहेत, घाईत बोललेत. वर म्हणतात खडा डाव्या मूत्रपिंडात आहे, आणि शेवटी निष्कर्षात म्हणतात उजव्या." त्यांनी मोबाइल उचलला आणि न चाचपता नंबर दाबला.

पलीकडे ते तरुण डॉक्टर सापडायला तीन माणसं मधे घ्यावी लागली. बोर्डबाईंना त्या तिघांचेही आवाज ओळखीचे होते. डॉक्टर आले ते जरा वैतागूनच. सुनेला त्यांचं अर्धंमुर्धं बोलणं ऐकू येत होतं. मी बोललोय तसंच टाइप करा, असं काहीतरी ते म्हणाले.

"करते, डॉक्टर," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. मऊ, स्पष्ट, घाई नसलेला. हाच त्यांचा बोर्डावरचा आवाज असणार, सुनेच्या मनात आलं. "तुम्ही दोन्ही बोलला आहात, म्हणून विचारलं. सहा नंबरचा फोटो एकदा समोर घेता का? मी फोन धरून ठेवते."

पलीकडे फोटो पाकिटातून काढल्याची खरखर ऐकू आली. मग डॉक्टरांचा आवाज आला, आधीपेक्षा पुष्कळ हळू. "डावा, बाई. दोन्हीकडे डावा."

"डावा. दोन्हीकडे. सही करताना तुम्हीही एकदा वाचून घ्या. माझंही चुकू शकतं."

त्यांनी फोन ठेवला आणि पुढे टाइप करायला लागल्या, जसं काही झालंच नव्हतं. सुनेच्या मात्र डोक्यातून तो रुग्ण जाईना. त्या रुग्णाला ह्यातलं काही कधी कळणार नव्हतं. कुठल्याशा तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत एका बाईने मागे जाऊन तीनदा ऐकलं, हे त्याला कोण सांगणार?

नववा अहवाल दोनला आठ मिनिटं कमी असताना गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुरुस्तीवाला आला. येण्याची गरज उरली नव्हती, पण फोन करून नको म्हणायचं दोघींच्याही लक्षात राहिलं नाही. त्याने सगळी हकीकत उभ्याने ऐकली, मग खुर्ची ओढून बसला. "हिरवी पट्टी हलतेय म्हणजे तो बोलतोय, हे तुम्हाला कोणी सांगितलं?" त्याने विचारलं.

"सुनेने. पट्टी तिनेच पाहिली," सासूबाई म्हणाल्या.

"बाई, माझ्याकडे आठवड्याला दहा फोन येतात, आवाज येत नाही म्हणून. त्यातल्या सात घरी जायची गरजच नसते. पण फोनवर समजावत बसायला मला ना वेळ, ना तेवढा जीव. तुमच्याकडे पाठवले तर चालतील?"

"सकाळी नको. सकाळी माझं काम असतं," सासूबाई म्हणाल्या. "दुपारी चारनंतर पाठवा."

तेव्हापासून त्या घरात दुपारी चारनंतर फोन वाजायला लागला. शेजारच्या टेबलावर नकाशे काढता काढता सून ते ऐकत असते. फोन करणारे बहुतेक जण आधीच स्वतःवर चिडलेले असतात. मला ह्यातलं काही कळत नाही, हे त्यांचं पहिलं वाक्य. सासूबाई त्यांना एकेक करून वाचायला लावतात. आपण अंध आहोत हे त्या सांगत नाहीत, आणि ते कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. एकदा एक गृहस्थ म्हणाले, "तुम्हाला माझा पडदा दिसतोय की काय?" त्यावर त्या म्हणाल्या, "तुम्ही छान वाचता आहात, म्हणून."

मागच्या आठवड्यात एका वृद्ध गृहस्थांचा फोन आला. त्यांची मुलगी दूरदेशी असते. रविवारी ती कॉम्प्युटरवर दिसायची, बोलायची. गेले तीन रविवार ती दिसत होती, तोंड हलत होतं, आवाज नव्हता. मुलीला वाईट वाटू नये म्हणून ते मान डोलवत राहिले होते आणि सगळं ऐकू येतंय असं दाखवत होते. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आपण सावकाश करू. आज मला दुसरं काही काम नाही."

दुसरं काम होतं. भाजी चिरायची होती, आणि सुनेचा चष्मा आणायला तिच्याबरोबर दुकानात जायचं होतं. सुनेने मुकाट्याने सुरी घेतली आणि भाजी स्वतः चिरायला बसली. चाळीस मिनिटं ते चाललं होतं. त्या गृहस्थांच्या स्पीकरची वायर त्यांच्या मांजराने कुरतडली होती. ती दुकानातून कशी मागायची, टोक कसं असतं, दुकानदाराला काय म्हणायचं, हे सगळं सासूबाईंनी त्यांच्याकडून कागदावर लिहून घेतलं आणि परत वाचून घेतलं.

रविवारी रात्री जेवताना त्या गृहस्थांचा पुन्हा फोन आला. सुनेने उचलला. ती काही बोलायच्या आधीच त्यांनी फोन कॉम्प्युटरजवळ धरला असावा, कारण पलीकडून एका बाईचा आवाज आला. ती वडिलांना विचारत होती, की मागच्या तीन रविवारी मी एवढं काय काय सांगितलं, तर तुम्ही नुसती मान का डोलवत होतात?

सुनेने फोन सासूबाईंच्या कानाला लावला. त्या घास हातात धरून ऐकत राहिल्या, आणि ताटातली आमटी निवून गेली.